पॅनची रुजुवात

माझ्या चुलतसासऱ्यांनी आजवर एकाही माणसावर त्याचं पॅनकार्ड पाहिल्याशिवाय विश्वास ठेवलेला नाही, आणि पाहिल्यानंतर एकावरही संशय घेतलेला नाही. माणसाचा जन्म होतो, बारसं होतं, शाळेत नाव घालतात, हे सगळं त्यांना मान्य आहे. पण त्याचा दहा अक्षरांचा नंबर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पडताळला की मगच तो त्यांच्या जगात येतो. मी त्या जगात आलो तो वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, कुंभकोणमला, माझ्याच साखरपुड्याच्या दिवशी. सांगलीहून दीड दिवसाचा प्रवास करून आम्ही पोचलो होतो. आई अवघडून बसलेली, माझ्या हातात चटका देणारा कॉफीचा पितळी पेला, आणि समोरून एक उंच, सडपातळ, पांढऱ्याशुभ्र धोतरातले गृहस्थ येऊन म्हणाले, "जावईबापू, पॅनकार्ड आहे कां जवळ?" आईचा चेहरा खर्रकन उतरला. पगार विचारतात, शिक्षण विचारतात, फार तर रक्तगट विचारतात, हे काय नवीन? मी मुकाट्याने कार्ड काढून दिलं. ते दारात उन्हाला गेले, कार्ड डोळ्यांजवळ धरलं, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. "मिशी काढलीत," ते म्हणाले. मी म्हटलं, हो. "कां?" मी म्हटलं, न्हाव्याने काढू का विचारलं, मी हो म्हटलं. त्यांनी कार्ड परत दिलं, आतल्या बायकांना मोठ्याने सांगितलं, "रुजू आहे!" आणि आत एकदम भांड्यांचा आवाज सुरू झाला. पत्रिका महिनाभर आधीच जुळल्या होत्या, पण बायको म्हणते, घरातल्यांनी जिलब्या तळायला घेतल्या त्या काकांच्या त्या दोन शब्दांनंतर.

रुजू हा शब्द मी त्याआधी फक्त जुन्या कागदांत पाहिला होता. पडताळून बरोबर निघालं, या अर्थी. काकांच्या घराण्यात तो तीनशे वर्षं रोजच्या वापरात आहे. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले ते येताना मराठी घेऊन आले, आणि आमच्याकडे ती पुढे कुठल्या कुठे गेली तरी यांनी आपली जपून ठेवली. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ, उंबऱ्याच्या आत आलं की 'करितों, जातों, पाहिल्यावांचून'. लग्नानंतर मी इथल्याच एका कॉलेजात गणित शिकवायला लागलो, तेव्हा सुरुवातीला मला त्यांच्या बोलण्याचं हसू यायचं. मग कळलं की तेही माझ्या बोलण्याला हसतात. माझ्या मराठीत सगळे शब्द कसे गाडी पकडायला निघाल्यासारखे अर्धेच बाहेर पडतात, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं.

काका महामहम तळ्यामागच्या एका कल्याण मंडपात, म्हणजे आपल्याकडच्या मंगल कार्यालयात, हिशेबनीस आहेत. वय सत्तरीकडे झुकलंय, पण मालक त्यांना सोडत नाही आणि ते मालकाला सोडत नाहीत. कार्यालय लग्नं करून देतं आणि त्यासाठी सनईसारखं नादस्वरम वाजवणारे, फुलवाले, आचारी, दिवेवाले अशा पन्नास जणांना कामं देतं. ज्याला पैसे द्यायचे त्याचा थोडा कर कापून घ्यायचा आणि दर तीन महिन्यांनी सरकारला कळवायचं की अमक्या नंबरच्या माणसाला आम्ही इतके दिले. नंबर चुकला तर एकाचा कर दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. नंबर बंद पडलेला असला तर बिचाऱ्याचे पैसे भरमसाट कापले जातात. म्हणून कळवण्याआधी नंबर तपासायचा, एवढाच नियम आहे. बाकीचं जग हे काम करखात्याच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत उरकतं. काकाही वेबसाइट पाहतात, नाही असं नाही. पण ती त्यांची पहिली पायरी. "नंबर खरा आहे असें ती सांगते," ते म्हणतात. "माणूस खरा आहे असें कोठें सांगते?"

म्हणून ते जातात. तिमाही संपत आली की त्यांच्या जुनाट मोपेडला एक कापडी पिशवी लटकते. पिशवीत भिंग, दहीभाताचा डबा, छत्री आणि नावांची यादी. तिरुविसनल्लूरचा फुलवाला, तिरुक्करुगावूरचा केळीच्या खांबांचा कंत्राटदार, कुणीही सुटत नाही. एकदा पाहिलेला माणूस पुन्हा पाहायची गरज नसते, पण नवा आला की त्याच्या घरी जाऊन कार्ड आणि चेहरा शेजारी शेजारी धरून पाहणार. रुजू होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा कडक नेम. आणि रुजू झालं की मात्र तिथेच मांडी ठोकून दोन वेळा कॉफी, घरची चौकशी, विहिरीला पाणी किती, थोरलीला किती मुलं, सगळं. शिवाय नुसतं कार्ड पाहून त्यांचं भागत नाही. नादस्वरमवाला असेल तर ते म्हणणार, वाजवा. भर दुपारी गल्लीत एक अख्खा राग वाजवून घेतल्याशिवाय एका गृहस्थांना त्यांनी वादक म्हणून नोंदवलं नव्हतं. जनरेटरवाल्याला जनरेटर सुरू करायला लावला, तेव्हा सगळी आळी वीज गेली समजून बाहेर आली. एका लग्नात वरातीला हत्तीण आणली होती आणि माहुताने भोळेपणाने बिल हत्तिणीच्याच नावाने फाडलं. आता पॅनचं चौथं अक्षर सांगतं की नंबर व्यक्तीचा आहे, कंपनीचा, ट्रस्टचा की एकत्र कुटुंबाचा. काका दोन दिवस अन्न गोड न लागता विचार करत होते की हत्तीण यांपैकी कशात बसेल. शेवटी माहुताचं कार्ड निघालं, रुजू झालं, आणि मग त्यांनी हत्तिणीलाही जवळून पाहून घेतलं. काकू, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, या सगळ्यावर एवढंच म्हणतात, "मला पाहायला आले तेव्हां हीं कार्डें निघालीं नव्हतीं, म्हणून मी सुटलें."

मी गणिताचा माणूस. मला वाटायचं, याच्या मागे काहीतरी असणार. कधीतरी मोठी चूक झाली असेल, कुणी फसवलं असेल. एकदा सरळ विचारलं. काका डोकं खाजवून म्हणाले, "फसवलें? नाहीं हो. मला पाहायला आवडतें. हा एवढा नंबर आहे, याच्या पलीकडे कोण बसला आहे, तें पाहावें असें वाटतें." मी म्हटलं, आणि कामाच्या नावाखाली तुम्हाला ते फुकट पाहायला मिळतं. "पेट्रोल माझें असतें," ते दुखावून म्हणाले.

गेल्या वर्षी काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर घरात बसवलं आणि नेमकी त्याच महिन्यात तिमाहीची मुदत आली. मालकाने बाहेरच्या एकाकडून काम उरकून घेतलं. काका परत गेले ते हिरवा चष्मा लावून, आणि आल्या आल्या पाठवलेल्या कागदाची प्रत मागवून एकेक ओळ भिंगाखाली घालत बसले. सगळे जुने ओळखीचे होते. एकच ओळ नवी. लग्नात मुलीकडचे लोक लाडू, मुरुक्कू म्हणजे चकली, अधिरसम् म्हणजे अनारसे असा फराळ ताटं भरभरून मांडतात. तो फराळ पापनाशम्‌च्या कुणा गोपाळराव नावाच्या माणसाने पुरवला होता. बिलावर गोपाळराव. पॅन गोपाळरावांचं. वेबसाइट म्हणत होती नाव जुळतं, नंबर चालू आहे. पैसे मात्र अंबुजाबाई नावाच्या बाईच्या खात्यात गेले होते. मी म्हटलं, बायको असेल, त्यात काय एवढं? काका म्हणाले, "असेल. मला गोपाळराव पाहायचे आहेत." मोपेड चालवायला बंदी होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवलं. भिंगाची पिशवी पोटाशी धरून, वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मला दोष देत ते पापनाशम्‌पर्यंत आले.

घर सापडायला वेळ लागला नाही, तळणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. अंगणात दोन बाया पीठ मळत होत्या आणि कढईपाशी एक पंचावन्नच्या आसपासच्या बाई बसल्या होत्या. काकांनी तमिळमध्ये चौकशी सुरू केली, आपलं नाव सांगितलं, तशा बाईंनी झारा खाली ठेवला आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "आपलेच लोक कीं! यावें, बसावें." त्याच अंबुजाबाई. आतून कॉफी आली. काकांनी पेला बाजूला सरकवून ठेवला, नेमाप्रमाणे.

"गोपाळराव कोठें आहेत?" त्यांनी विचारलं.

"ते नाहींत."

"कधीं येतील?"

"येतों म्हणून गेले, त्याला अठरा वर्षें झालीं."

काकांनी हिरवा चष्मा काढला. मला वाटलं, आता संतापतील. पण त्यांनी हळूच विचारलं, "मग हें कार्ड कोणी दिलें?" बाई उठल्या, आतल्या ट्रंकेतून कापडात गुंडाळलेलं एक पिवळट कार्ड घेऊन आल्या. फोटोत रुंद कपाळाचा, हसतोय की काय असं वाटणारा माणूस होता. फराळाचा धंदा त्यांचाच. ते गेल्यावर यांनी चालवला, बिलाची पुस्तकंसुद्धा त्यांच्याच नावाची छापत राहिल्या. इतकी वर्षं छोटी छोटी गिऱ्हाइकं, नंबर कुणी विचारलाच नव्हता. "तुमच्या मंडपानें मागितला, म्हणून घरचा नंबर दिला," बाई म्हणाल्या. "रेशनकार्ड घराचें असतें, गॅसचें पुस्तक घराचें असतें. घरांत हें एकच होतें. चुकलें कां?"

काका भिंग काढून कार्ड पाहू लागले. बाईच पुढे म्हणाल्या, "आतां तेंही नको. येत्या अमावास्येला त्यांची क्रिया करणार आहोंत." बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून अंत्यसंस्कार करतात. नातेवाईक कधीपासून मागे लागले होते, या तयार नव्हत्या. पण मुलाचं लग्न ठरत आलं होतं. "लेकाच्या लग्नांत मी कोण म्हणून बसूं, तें ठरायला हवें कीं नाहीं?" असं म्हणून त्या पुन्हा कढईकडे वळल्या, कारण मुरुक्कू करपत होता.

काकांनी माझा दंड धरला आणि मला बाहेर ओट्यावर आणलं. "जावईबापू, आधार कधीं आलें?" मी मनात हिशेब केला. गोपाळराव घर सोडून गेले तेव्हा आधारकार्ड निघालंच नव्हतं. आणि जे पॅन आधारशी जोडलेलं नाही ते सरकारने दोनतीन वर्षांपूर्वी बंद केलं. हे बंद नव्हतं. म्हणजे कुणीतरी ते जोडलं होतं, आणि जोडायला स्वतःचं आधार लागतं, स्वतःच्या बोटांचे ठसे देऊन काढलेलं. गोपाळराव कुठेतरी होते. मी म्हटलं, "काका, चला, सांगू या त्यांना!"

आणि हा माणूस, ज्याने हत्तिणीपर्यंत कुणालाही सोडलं नव्हतं, ओट्यावर बसला. "काय सांगूं? माणूस मीं पाहिला नाहीं. वेबसाइटीवरून कोणी आहे असें मीं जन्मांत कधीं म्हटलें नाहीं. उद्यां खोटें निघालें तर? ही बाई अजून अठरा वर्षें दाराकडे पाहत बसेल." मला त्यांची इतकी दया कधी आली नव्हती. मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर अमावास्येला जिवंत माणसाचा पुतळा जळेल." काका धोतर झटकून उठले आणि आत गेले.

त्यांनी सगळं सांगितलं, काही न फुगवता. अंबुजाबाईंनी कढईखालचा गॅस बंद केला.

"कोठें आहेत?"

"तें दिसत नाहीं."

"बरे आहेत?"

"तेंही दिसत नाहीं. आज आहेत कीं नाहींत, हेंसुद्धां मी सांगूं शकत नाहीं. दोनतीन वर्षांमागें होते, एवढेंच."

"होते," त्या म्हणाल्या. तेवढा एक शब्द त्यांनी दोनदा म्हटला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलंच नाही. पीठ मळणाऱ्या बाया हात तसेच परातीत ठेवून बघत होत्या. मी उगीच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो.

काका कामाकडे वळले. दुसरं काय करावं हे त्यांना कळत नसणार. म्हणाले, तुमच्या नावाचं पॅन काढून देतो, पुढचं सगळं त्यावर येईल. आणि ती चुकीची गेलेली ओळही दुरुस्त करून पाठवतो, तुमचा कर तुमच्या नावावर आला पाहिजे. बाईंनी विचारलं, ती ओळ आत्ता कुठे आहे? काकांनी समजावलं: ज्याचा नंबर, त्याच्या करखात्याच्या वेबसाइटवरच्या वार्षिक पत्रकात ती दिसते. अमक्या गावच्या अमक्या मंडपाने तुम्हाला इतके दिले, म्हणून.

"म्हणजे त्यांना दिसेल?"

"पाहिलें तर दिसेल."

"कुंभकोण हें नांव दिसेल?"

"दिसेल."

अंबुजाबाई उभ्या राहिल्या. "मग सुधारा, पण इतक्यांत नको. ते पाहीपर्यंत राहूं द्या."

मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर ताप येणारा हा माणूस. चुकीची ओळ डोळ्यांदेखत तशीच ठेवायची, म्हणजे त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्यांनी भिंग पिशवीत टाकलं. मग म्हणाले, "बरें." परतीच्या वाटेवर त्यांनी एकाही खड्ड्याबद्दल तक्रार केली नाही. फक्त एका ठिकाणी माझ्या खांद्यावर बोट टोचून विचारलं, "पत्रक लोक साधारण कधीं उघडतात हो?"

अमावास्या आली आणि गेली, पुतळा केला नाही. नातेवाईक चिडले, कुणी म्हणालं बाईला वेड लागलं, कुणी काकांना नावं ठेवली. अंबुजाबाईंचं नवं पॅन निघालं. काका स्वतः जाऊन कार्ड आणि चेहरा पाहून आले, आणि त्या दिवशी त्यांनी तिथे तीन पेले कॉफी प्यायली. दुरुस्तीचा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात अगदी स्वच्छ तयार केला आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. अधूनमधून खण उघडून पाहतात. मी काही बोललो तर म्हणतात, "चूक आहे. मला ठाऊक आहे ती चूक आहे."

मुलाचं लग्न गेल्या महिन्यात काकांच्याच मंडपात झालं. अंबुजाबाई कपाळाला ठसठशीत कुंकू लावून, हिरव्या साडीत, विधींना बसल्या, आणि शेजारचा पाट त्यांनी कुणाला घेऊ दिला नाही. भटजी कुरकुरले, मग त्यांनीही तो पाट मांडलेलाच राहू दिला. काका त्या दिवशी हिशेबाच्या खोलीत गेलेच नाहीत. सकाळी सहापासून ते दाराशी उभे होते, चंदनाची वाटी आणि गुलाबदाणी घेऊन. साठीपुढचा कुणी अनोळखी पुरुष आला की त्याच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडत त्याच्या कपाळाकडे, डोळ्यांकडे निरखून पाहायचे. कुणाकडेही कार्ड मागितलं नाही. पंगती उठल्या, वऱ्हाड गेलं, केळीचे खांब काढायला माणसं आली, तरी ते तिथेच. मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, झालं सगळं. आता चला. आणि ती दुरुस्ती, उद्या पाठवायची का?"

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकदा पाहून घेतलं आणि गुलाबदाणी दुसऱ्या हातात घेतली.

"लांबून यायचें, जावईबापू," ते म्हणाले. "एखादी गाडी चुकते माणसाची."